थायरॉइड आणि पॅराथायरॉइड: तपासण्या कोणत्या क्रमाने करायच्या, रिपोर्ट कसे वाचायचे आणि कुठे घोटाळा होतो

थायरॉइड-पॅराथायरॉइडच्या रुग्णांच्या फायली उघडल्या की तेच घोटाळे पुन्हा पुन्हा दिसतात. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन) एका महिन्यात तपासलेलं, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं, रक्तात मोकळं फिरणारं हार्मोन) तीन महिन्यांनी. कॅल्शियम एका लॅबचं, पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) दुसऱ्याच लॅबचं. रक्त द्यायच्या दिवशी सकाळी केसांसाठीची बायोटिनची गोळी घेतलेली. आणि रक्ताच्या तपासण्यांतून निदान पक्कं व्हायच्या आधीच काढलेला महागडा स्कॅन, तो 'नॉर्मल' आला म्हणून मिटवलेली फाइल.

या लेखातला मुख्य नियम एकच आहे: हार्मोन आणि त्या हार्मोनशी बांधलेली दुसरी गोष्ट यांची जोडी एकाच रक्तात मोजायची आणि एकत्रच वाचायची. टीएसएच फ्री टी४ सोबत, पीटीएच कॅल्शियमसोबत. जोडीतला एकच आकडा हातात असेल तर त्यावरून निष्कर्ष काढू नका, मग तो चौकटीत बसलेला असो वा नसो.

दोन्ही ग्रंथी गळ्यात शेजारी-शेजारी असल्या आणि नावंही सारखी असली तरी त्यांची कामं वेगळी आहेत. थायरॉइड शरीराच्या चयापचयाचा वेग सांभाळते. तिच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्या फक्त रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पॅराथायरॉइड ठीक आहे असं होत नाही.

## टप्पा १: लॅबमध्ये जाण्याआधी कागद जमवा

मागच्या पाच वर्षांचे, मिळतील तेवढे रिपोर्ट काढा. त्यांत कॅल्शियम कुठेही असू शकतं: नियमित आरोग्य तपासणी, ऑपरेशनआधीच्या चाचण्या, किडनीचा रिपोर्ट. एका वहीत किंवा फाइलमध्ये उभे रकाने करा: तारीख, वेळ, लॅब, कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन), पीटीएच, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचं माप), व्हिटॅमिन डी, टीएसएच, फ्री टी४. प्रत्येक आकड्याच्या बाजूला त्या लॅबची मर्यादा आणि एकक लिहा. कॅल्शियम कुठे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतं, कुठे मिलिमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्याला ४ ने भागलं की दुसरं मिळतं. म्हणजे १० मिलिग्रॅम म्हणजे २.५ मिलिमोल.

हा तक्ता कंटाळवाणा वाटतो, पण निदानाचा निम्मा पुरावा बहुतेक वेळा इथेच सापडतो. चार वर्षांपूर्वी १०.४, मग १०.६, आता १०.९ असं कॅल्शियम चढत गेलेलं असतं आणि प्रत्येक वेळी 'थोडंसंच वाढलंय' म्हणून सोडून दिलेलं असतं.

लक्षणं लिहिताना ती कधी सुरू झाली तेही लिहा.

- थायरॉइड मंद असेल तर: थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, पाळीत जास्त रक्तस्राव, वजन वाढणं.
- थायरॉइड वेगाने चालत असेल तर: धडधड, हात थरथरणं, घाम, भूक असूनही वजन घटणं, झोप न लागणं.
- कॅल्शियम वाढलेलं असेल तर: वारंवार लघवी, तहान, मुतखडा, हाडं दुखणं किंवा किरकोळ धक्क्याने मोडणं, बद्धकोष्ठता, उदास वाटणं, विसरायला होणं.
- कॅल्शियम कमी असेल तर: ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या, पायात गोळे येणं, हाताची बोटं आपोआप आखडणं.

बद्धकोष्ठता दोन यादींत येते, आणि थकवा व उदासीही दोन्हींत दिसू शकतात, म्हणून नुसत्या लक्षणांवरून ग्रंथी ठरवू नका. मुतखडा आणि ठिसूळ हाडं एकाच माणसात असतील तर मात्र कॅल्शियम-पीटीएचची जोडी तपासल्याशिवाय राहू नका.

घरातल्या कुणाला मुतखडे, गळ्याची ऑपरेशनं किंवा 'कॅल्शियम जास्त' असा इतिहास असेल तर तो वेगळ्या ओळीत लिहा. टप्पा ५ मध्ये तो लागणार आहे.

## टप्पा २: रक्त देण्याआधीची तयारी

हा टप्पा लोक सगळ्यांत सहज उडवतात आणि खोटे रिपोर्ट सगळ्यांत जास्त इथेच तयार होतात.

बायोटिन बंद करा. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत ते सर्रास ५ ते १० मिलिग्रॅम असतं. अनेक लॅबची तपासणी-यंत्रं बायोटिनवर आधारित पद्धत वापरतात. रक्तात जादा बायोटिन असलं की टीएसएच आणि पीटीएच खोटं कमी दिसतं, तर फ्री टी४ आणि फ्री टी३ (थायरॉइडचं दुसरं हार्मोन) खोटं जास्त. म्हणजे ठणठणीत माणसाचा रिपोर्ट हुबेहूब हायपरथायरॉइडचा (वेगाने चालणाऱ्या थायरॉइडचा) दिसतो, आणि पॅराथायरॉइडच्या खऱ्या रुग्णाचं पीटीएच 'नॉर्मल' येतं. किमान दोन दिवस आधी ते थांबवा. एखाद्या आजारासाठी फार मोठा डोस चालू असेल तर किती दिवस थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा. मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवरचा बारीक मजकूरही वाचा.

वेळ सकाळची आणि दर वेळी तीच. टीएसएच रात्री व पहाटे चढलेलं असतं, दुपारी उतरतं. एकदा सकाळी आठला आणि पुढच्या वेळी दुपारी दोनला रक्त दिलं तर औषधात काहीही न बदलता आकडा बदलतो.

लेव्होथायरॉक्सिनची (मंद थायरॉइडसाठीची) गोळी रक्त दिल्यावर घ्या. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी४ तात्पुरतं वर जातं. टीएसएचवर एका दिवसाचा परिणाम होत नाही, पण मग जोडी जुळत नाही आणि डॉक्टर बुचकळ्यात पडतात.

आजारपणात तपासणी टाळा. मोठा ताप, न्यूमोनिया, हॉस्पिटलात दाखल असणं, यांत थायरॉइड निरोगी असूनही टी३ आणि टीएसएच घसरतं. तातडीचं कारण नसेल तर बरं झाल्यावर काही आठवड्यांनी रक्त द्या.

पट्टा फार वेळ बांधू देऊ नका. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त राहिला आणि मूठ सारखी उघड-मीट केली तर कॅल्शियम खोटं वाढलेलं येऊ शकतं. शीर सापडेना तर पट्टा सोडून पुन्हा बांधायला सांगा.

चालू औषधांची यादी लिहून न्या. थायाझाइड गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि लिथियम कॅल्शियम वाढवतात. लिथियम थायरॉइडही मंद करतं. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अ‍ॅमिओडॅरोन आणि सीटी स्कॅनसाठी दिलेलं आयोडीनचं इंजेक्शन थायरॉइडला दोन्ही दिशांना ढकलू शकतं. ही औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत. थायाझाइड बदलून काही आठवड्यांनी कॅल्शियम पुन्हा पाहायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

> तपासून पाहा: कॅल्शियम एकदम धक्कादायक कमी आणि त्याच नमुन्यात पोटॅशियम अफाट जास्त आलं, पण तुम्हाला काहीच त्रास नाही, तर घाबरण्याआधी रक्त पुन्हा द्या. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधलं रसायन दुसऱ्या ट्यूबमध्ये मिसळलं की नेमकं असंच दिसतं.

## टप्पा ३: थायरॉइडची जोडी वाचणं

'थायरॉइड प्रोफाइल' मागितलं की बऱ्याचदा टोटल टी३, टोटल टी४ आणि टीएसएच मिळतं. टोटलचे आकडे गर्भारपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांमुळे उगाच वाढलेले दिसतात, कारण हार्मोन वाहून नेणारं प्रथिन वाढतं. म्हणून टीएसएच आणि फ्री टी४ असं स्पष्ट लिहून घ्या. प्रौढांत टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असतं; तुमच्या रिपोर्टवरची मर्यादा प्रमाण माना.

टीएसएच जास्त, फ्री टी४ कमी. थायरॉइड मंद आहे. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी) एकदाच करा, आजाराचं कारण कळतं. ते दर वेळी तपासण्यात अर्थ नाही; त्या आकड्यावर गोळीचा डोस ठरत नाही.

टीएसएच ४ ते १० मध्ये, फ्री टी४ नॉर्मल. इथे घाई होते. एका रिपोर्टवर आयुष्यभराची गोळी सुरू करू नका. दोन-तीन महिन्यांनी जोडी पुन्हा पाहा. बऱ्याच जणांचा आकडा आपोआप खाली येतो. वयाबरोबर टीएसएच थोडं वाढतंच, त्यामुळे सत्तरीपुढे ६ चा आकडा फारसा चिंतेचा नसतो. १० च्या वर टिकून राहिलं तर बहुधा उपचार लागतो. गर्भारपण किंवा गर्भधारणेची तयारी असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. तिथले निकष वेगळे आहेत.

टीएसएच फार कमी, फ्री टी४ किंवा फ्री टी३ जास्त. ग्रंथी जास्त चालते आहे किंवा तिच्यातलं साठवलेलं हार्मोन बाहेर सांडतं आहे. या दोहोंत फरक केल्याशिवाय कार्बिमॅझोल (हार्मोन बनणं रोखणारी गोळी) सुरू करणं ही मोठी चूक. ग्रेव्ह्ज आजारात ग्रंथी जास्त हार्मोन बनवते, तिथे कार्बिमॅझोलसारखी गोळी चालते. थायरॉइडच्या दाहात (बाळंतपणानंतर किंवा विषाणूच्या आजारानंतर, कधी गळा दुखत) हार्मोन फक्त गळतं. तिथे ही गोळी निरुपयोगी आहे. काही आठवड्यांत तो टप्पा सरतो आणि मागोमाग थायरॉइड मंद होऊ शकते. ओळख पटवायला टीआरएबी (ग्रेव्ह्जची अँटिबॉडी) ही रक्ताची तपासणी किंवा अपटेक स्कॅन (ग्रंथी किरणोत्सारी पदार्थ किती ओढून घेते ते दाखवणारा). हा स्कॅन गर्भारपणात करत नाहीत, आणि स्तनपान चालू असेल तर आधी सांगा.

टीएसएच नॉर्मल किंवा कमी, फ्री टी४ कमी. 'टीएसएच तर नॉर्मल आहे' म्हणून घरी पाठवलेले रुग्ण यातलेच. दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीत असू शकतो, म्हणून थायरॉइडला हाकच जात नाही.

> इशारा: पिट्युटरीची शंका असेल तर थायरॉइडची गोळी सुरू करण्याआधी कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं हार्मोन) तपासलंच पाहिजे. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉइडची गोळी दिली तर जिवावर बेतू शकतं.

## टप्पा ४: कॅल्शियम आणि पीटीएचची जोडी वाचणं

एकाच वेळी, एकाच टोचणीत घ्या: कॅल्शियम, अल्ब्युमिन, पीटीएच, क्रिएटिनिन, फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. कॅल्शियम वाढलेलं निघालं तर किमान दोन आठवड्यांच्या अंतराने हीच जोडी पुन्हा.

आधी अल्ब्युमिनची दुरुस्ती करा. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनाला चिकटलेलं असतं, त्यामुळे अल्ब्युमिन कमी असलं की एकूण कॅल्शियम खोटं कमी दिसतं. सूत्र असं (कॅल्शियम मिलिग्रॅम आणि अल्ब्युमिन ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये):

दुरुस्त कॅल्शियम = मोजलेलं कॅल्शियम + ०.८ × (४ − अल्ब्युमिन)

समजा कॅल्शियम १०.१ आणि अल्ब्युमिन ३.२. चारातून ३.२ गेले, उरले ०.८. त्याला ०.८ ने गुणलं की ०.६४. म्हणजे दुरुस्त कॅल्शियम १०.७४. ज्या रिपोर्टवर लाल खूण नव्हती तो आता वरच्या मर्यादेपलीकडे गेला. हे सूत्र ढोबळ आहे. शंका राहिली तर आयनाइज्ड (प्रथिनाला न चिकटलेलं, मोकळं) कॅल्शियम मोजून घ्या. त्याचा नमुना हवा न लागू देता लवकर तपासावा लागतो, म्हणून जिथे रक्त घेतात तिथेच यंत्र असेल अशी लॅब निवडा.

आता जोडी.

कॅल्शियम जास्त, पीटीएच जास्त: बहुतेक वेळा प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम (पॅराथायरॉइड स्वतःच जास्त चालणं). यात साधारण पाचातल्या चार रुग्णांत एकच ग्रंथी वाढलेली, साधी, कर्करोग नसलेली गाठ असते.

कॅल्शियम जास्त, पीटीएच 'नॉर्मल': संपूर्ण विषयातला सगळ्यांत जास्त चुकणारा रिपोर्ट हाच. उदाहरण घ्या: कॅल्शियम १०.९, पीटीएच ५२, लॅबची मर्यादा १५ ते ६५. लॅबच्या कागदावर पीटीएचसमोर कसलीच खूण नाही. पण कॅल्शियम एवढं वर असताना निरोगी पॅराथायरॉइड ग्रंथी गप्प व्हायला हव्यात आणि पीटीएच साधारण २० च्या खाली जायला हवं. ५२ म्हणजे ग्रंथी ऐकत नाही. हा नॉर्मल रिपोर्ट नव्हे, आजाराचाच रिपोर्ट आहे. डॉक्टरांना नेमकं एवढंच विचारा: "कॅल्शियम एवढं असताना पीटीएच एवढं असायला हवं का?"

कॅल्शियम जास्त, पीटीएच दबलेलं: पॅराथायरॉइड निर्दोष आहे, कारण दुसरीकडे आहे: कर्करोग, व्हिटॅमिन डीचा अतिरेक, क्षयरोग किंवा सार्कॉइडसारखे आजार. इथे वेळ घालवू नका.

कॅल्शियम नॉर्मल, पीटीएच जास्त: आधी साधी कारणं शोधा. व्हिटॅमिन डी कमी, किडनी मंद, आहारात कॅल्शियम कमी, आतड्यांत शोषण नीट नाही, हाडांसाठीची इंजेक्शनं. ती दुरुस्त करून काही महिन्यांनी पुन्हा पाहा. थेट ऑपरेशनचा विषय काढू नका.

कॅल्शियम कमी, पीटीएच कमी किंवा नॉर्मल: हायपोपॅराथायरॉइडिझम (पॅराथायरॉइड मंद पडणं), बहुधा गळ्याच्या ऑपरेशननंतरचा. मॅग्नेशियम पाहिलंच पाहिजे. ते फार कमी असेल तर पीटीएच स्रवतच नाही आणि कॅल्शियमच्या कितीही गोळ्या दिल्या तरी आकडा हलत नाही.

इथे दोन चुका जोडीने होतात. कॅल्शियम वाढलं म्हणून लोक आहारातलं कॅल्शियम तोडतात. त्याने पीटीएच आणखी चढतं आणि हाडांतून कॅल्शियम ओढलं जातं. रोजचं नेहमीचं प्रमाण, म्हणजे सुमारे १००० ते १२०० मिलिग्रॅम, चालू ठेवा. फक्त वरून गोळ्या नकोत. दुसरी चूक: व्हिटॅमिन डी कमी आलं म्हणून कॅल्शियम न पाहता आठवड्याचे मोठे डोस सुरू करणं. डी भरून काढायला हवंच, पण कॅल्शियम वाढलेलं असताना रोजच्या लहान डोसने आणि मधूनमधून कॅल्शियम मोजत.

## टप्पा ५: २४ तासांची लघवी, नीट जमवलेली

कॅल्शियम आणि पीटीएच दोन्ही वाढण्याचं एक निरुपद्रवी, आनुवंशिक कारण आहे: एफएचएच (फॅमिलियल हायपोकॅल्सियुरिक हायपरकॅल्सेमिया). त्यात किडनी कॅल्शियम सोडतच नाही. ऑपरेशनने ते बरं होत नाही, म्हणून ऑपरेशनआधी ही तपासणी. टप्पा १ मधला घरचा इतिहास इथे उपयोगी पडतो.

१. पहिल्या दिवशी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि ती वेळ लिहा. समजा ७ वाजता.
२. त्यानंतरची प्रत्येक लघवी लॅबने दिलेल्या कॅनमध्ये. शौचाला जाताना आधी लघवी वेगळी जमवा. सगळ्यांत जास्त गळती इथेच होते.
३. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ची लघवी कॅनमध्ये घाला आणि थांबा.
४. कॅन थंड जागी ठेवा. लॅबने आत आम्ल घातलेलं असेल तर थेट कॅनमध्ये लघवी करू नका. वेगळ्या भांड्यातून ओता.
५. त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन द्या.

एकदा चुकून लघवी बाहेर गेली तर आकडे जुळवू नका, दुसऱ्या दिवशी नव्याने सुरू करा.

गणित असं: (लघवीतलं कॅल्शियम × रक्तातलं क्रिएटिनिन) ÷ (रक्तातलं कॅल्शियम × लघवीतलं क्रिएटिनिन). सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. लघवीत कॅल्शियम १८ आणि क्रिएटिनिन ६०, रक्तात कॅल्शियम १०.९ आणि क्रिएटिनिन ०.८ असेल तर १४.४ ÷ ६५४ = ०.०२२. गुणोत्तर ०.०१ च्या खाली असेल तर एफएचएचची शंका, ०.०२ च्या वर असेल तर पॅराथायरॉइडचा आजार. मधला पट्टा धूसर आहे. तिथे जनुकीय तपासणी लागू शकते. व्हिटॅमिन डीची मोठी कमतरता, मंद किडनी आणि थायाझाइड हे तिन्ही गुणोत्तर खोटं खाली ओढतात.

> तपासून पाहा: लघवी पूर्ण जमली का? २४ तासांतलं एकूण क्रिएटिनिन वजनाने भागा. बायकांत किलोमागे साधारण १५ ते २०, पुरुषांत २० ते २५ मिलिग्रॅम यायला हवं (वृद्धांत कमी). निम्मंच आलं तर कॅन अर्धा रिकामा राहिला, असं समजा.

## टप्पा ६: स्कॅन आत्ता, आधी नाही

पॅराथायरॉइडचे स्कॅन (सोनोग्राफी, सेस्टामिबी म्हणजे किरणोत्सारी औषधाचा स्कॅन, ४डी-सीटी) गाठ कुठे आहे ते सांगतात. आजार आहे की नाही हे ते सांगत नाहीत. ते रक्ताने आधीच सांगितलेलं असतं. स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही म्हणून आजार रद्द होत नाही. स्कॅन सर्जनसाठी आहे, म्हणून ऑपरेशन ठरल्यावर आणि शक्यतो सर्जनच्या सल्ल्यानेच काढा.

त्याआधी नुकसान किती झालंय ते बघा: हाडांची घनता (डेक्सा), आणि त्यात मनगटाजवळचं हाड हवंच, कारण पीटीएच तिथलं हाड आधी झिजवतं. फक्त कंबर आणि खुबा मोजून 'हाडं ठीक' म्हणणं अपुरं आहे. शिवाय पाठीच्या मणक्यांचं चित्र, मुतखड्यासाठी किडनीची सोनोग्राफी आणि ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा).

ऑपरेशनचा सल्ला सहसा यांतलं एक जरी असलं तरी दिला जातो: कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा १ मिलिग्रॅमहून जास्त, हाडांच्या घनतेचा टी-स्कोअर −२.५ किंवा खाली, मणक्याचं फ्रॅक्चर, मुतखडा, ईजीएफआर ६० च्या खाली, लघवीतलं रोजचं कॅल्शियम बायकांत २५० आणि पुरुषांत ३०० मिलिग्रॅमच्या वर, किंवा वय ५० पेक्षा कमी. सर्जन निवडताना ते वर्षाला अशी किती ऑपरेशनं करतात हे थेट विचारा. इथे हाताचा सराव फार मोजतो.

थायरॉइडच्या गाठीचा क्रम वेगळा: आधी टीएसएच. ते कमी असेल तर सुई तपासणीआधी अपटेक स्कॅन, कारण जास्त काम करणारी गाठ क्वचितच कर्करोगाची असते. टीएसएच नॉर्मल किंवा जास्त असेल तर सोनोग्राफी आणि टायरॅड्स श्रेणी (गाठ किती संशयास्पद दिसते त्याचा क्रमांक). अमेरिकी रेडिओलॉजी कॉलेजच्या पद्धतीत श्रेणी ५ ला १ सेंटिमीटर, श्रेणी ४ ला १.५ आणि श्रेणी ३ ला २.५ सेंटिमीटरपासून सुई तपासणी सुचवतात. पॅराथायरॉइडचं ऑपरेशन ठरलं असेल तर त्याच सोनोग्राफीत थायरॉइडही बघून घ्या. काढावी लागणारी गाठ नंतर सापडली तर त्याच गळ्यावर दुसरं ऑपरेशन करावं लागतं, आणि व्रण पडलेल्या जागी ते अवघड जातं.

## टप्पा ७: रोजची गोळी

लेव्होथायरॉक्सिन. पूर्ण डोस साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम; ६० किलोच्या माणसाला सुमारे १०० मायक्रोग्रॅम. वय जास्त किंवा हृदयाचा त्रास असेल तर १२.५ ते २५ पासून हळूहळू. उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत, खाण्याआधी ३० ते ६० मिनिटं. कॉफीलाही तोच नियम. सकाळ जमत नसेल तर रात्री, जेवणानंतर किमान तीन तासांनी. एक वेळ धरा आणि तीच ठेवा. कॅल्शियम, लोह आणि अँटासिड चार तास लांब.

डोस बदलल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी. त्याआधी तपासलं तर शरीराने नवा डोस अजून पचवलेलाच नसतो आणि डोस उगाच पुन्हा बदलला जातो. कंपनी बदलली तरी तेवढ्याच आठवड्यांनी पाहा. गर्भधारणा कळताच त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डोस बहुतेक वेळा पाव हिश्शाने किंवा थोडा अधिक वाढवावा लागतो.

डोस तोच, तरी टीएसएच वर-खाली? डोस वाढवण्याआधी हे बघा: गोळी चुकते का, लोह-कॅल्शियम सोबत जातं का, अ‍ॅसिडिटीची गोळी नवी सुरू झाली का, गोळ्या दमट किंवा गरम जागी ठेवल्या होत्या का, सीलिअ‍ॅकसारखा आतड्यांचा आजार आहे का.

कार्बिमॅझोल किंवा मेथिमॅझोल. सुरू करण्याआधी रक्तपेशी आणि लिव्हरची तपासणी. पहिले काही महिने टीएसएच खालीच चिकटून राहतं, आजार आटोक्यात आला तरी. फक्त टीएसएच पाहून डोस वाढवत नेला तर रुग्ण थेट हायपोथायरॉइडमध्ये (मंद थायरॉइडमध्ये) जातो. सुरुवातीला ४ ते ६ आठवड्यांनी फ्री टी४ आणि टी३ वर चाला. मूल हवं असेल तर आधीच सांगा, कारण गर्भारपणाच्या सुरुवातीला ही गोळी टाळतात.

> इशारा: या गोळ्यांवर असताना ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासा. कावीळ किंवा गडद लघवी दिसली तरी थांबवून डॉक्टरांकडे जा.

## टप्पा ८: गळ्याच्या ऑपरेशननंतर

कॅल्शियम सहसा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी तळाला जातं, म्हणजे अनेकदा घरी आल्यावर. घरी जाताना लिहून घ्या: कॅल्शियम कोणत्या दिवशी तपासायचं, मुंग्या आल्या तर किती गोळ्या, कोणत्या नंबरवर फोन.

गोळीवरचा आकडा नीट वाचा. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं. कार्बोनेट जेवणासोबत, अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सायट्रेट बरं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त खरं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, म्हणून विभागून घ्या. संपूर्ण थायरॉइड काढलेल्यांना दोन्ही गोळ्या लागतात. त्यांचं वेळापत्रक असं बसतं: सकाळी ६ ला लेव्होथायरॉक्सिन, ७ ला नाश्ता कॅल्शियमशिवाय, कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत, संध्याकाळी आणि रात्रीच्या जेवणासोबत. सकाळी सगळ्या गोळ्या एका घोटात घेतल्या की थायरॉइडची गोळी वाया जाते.

कायमचा हायपोपॅराथायरॉइडिझम असेल तर कॅल्शियमसोबत कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप) लागतं. ध्येय कॅल्शियम नॉर्मलच्या खालच्या टोकाशी ठेवण्याचं असतं. ते मधोमध आणण्याच्या हट्टात लघवीत कॅल्शियम वाढतं आणि किडनी खराब होते. म्हणून लघवीतलं कॅल्शियम आणि फॉस्फेटही ठरावीक काळाने बघा.

पॅराथायरॉइडची गाठ काढल्यावर 'बरं झालं' हे सहा महिन्यांनी कॅल्शियम नॉर्मल असेल तरच म्हणायचं. या काळात कॅल्शियम नॉर्मल आणि पीटीएच थोडं जास्त दिसलं तर ऑपरेशन फसलं असं नाही. भुकेलेली हाडं कॅल्शियम ओढत असतात किंवा व्हिटॅमिन डी कमी असतं.

## थांबायचं नाही अशी लक्षणं

- कॅल्शियम १४ च्या वर, किंवा १२ च्या वर आणि सोबत उलट्या, गुंगी, गोंधळ: थेट इमर्जन्सी.
- हात आखडणं, आवाज घुसमटणं, झटके: कॅल्शियम शिरेतून लागतं, गोळ्यांची वाट पाहू नका.
- गळ्याच्या ऑपरेशननंतर गळा फुगणं किंवा श्वास कोंडणं: एक मिनिटही नको.
- हायपरथायरॉइड असताना खूप ताप, बडबड, नाडी फार वेगात: थायरॉइड स्टॉर्म (थायरॉइडचा जिवावर बेतणारा उद्रेक) असू शकतं.
- हायपोथायरॉइडच्या वयस्क रुग्णाला गुंगी, अंग थंडगार, नाडी मंद: तितकंच तातडीचं.

वाढलेल्या कॅल्शियमच्या रुग्णाला जुलाब-उलट्या झाल्या की पाणी कमी पडून कॅल्शियम भराभर चढतं. वर सांगितलेली तातडीची स्थिती नसेल तर अशा वेळी घोट घोट पाणी चालू ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कॅल्शियम मोजा. हायपोपॅराथायरॉइडच्या रुग्णाला त्याच उलट्यांत गोळ्या पोटात टिकत नाहीत आणि कॅल्शियम घसरतं. त्यांनी पाकिटात एक कार्ड ठेवावं: आजाराचं नाव, रोजच्या गोळ्या व डोस, नेहमीचं कॅल्शियम किती असतं तो आकडा, आणि 'झटके आल्यास शिरेतून कॅल्शियम' ही ओळ.